मांजर, कुत्रा आणि बालवाडीतील हस्तव्यवसाय

तीन ते सहा वर्षे वयाच्या मुलांच्या शिक्षणात हस्तव्यवसायाला महत्त्वाचे स्थान आहे, ही गोष्ट आता सर्वमान्य झालेली आहे. तथापि हस्तव्यवसायासाठी विषय कोणता निवडावा, याचा विचार क्वचितच होतो. एखादी कागदी होडी, एखादे फूल, सणाच्या वेळी आकाशकंदील, एवढ्यावर बहुधा वर्षाचे काम भागविले जाते. प्रस्तुत लेखात मांजर व कुत्रा या दोन प्राण्यांवर आधारलेली काही सोपी कामे सुचविली आहेत. साखळी परिसरातील, किंबहुना डिचोली व पेडणे तालुक्यांतील कोणत्याही बालवाडीत, अंगणवाडीत अथवा प्राथमिक शाळेच्या पहिल्या वर्गात ती करवून घेता येतील. हेच दोन प्राणी का निवडावेत, याला मुलांच्या सुरक्षिततेशी निगडित असे एक कारण आहे. त्याचा विचार पुढे ओघाने केला आहे.

ओळखीचा प्राणी, अनोळखी रूप

वाळवंटीच्या काठचा बाजार असो, अथवा कारापूर, हरवळे, न्हावेली, कुडणे येथील वाडे असोत, घराबाहेर पडणाऱ्या मुलास पहिल्या दहा पावलांत कुत्रा भेटतो. मांजर तर घरातच असते. साखळीचे दत्तमंदिर प्रसिद्ध आहे. दत्तात्रेयाच्या तसबिरीत मागे गाय व पायांशी चार श्वान असतात, हे येथील मूल बोलू लागण्यापूर्वीपासून पाहत आलेले असते. त्या श्वानांचा गूढ अर्थ लहान मुलास सांगण्याची घाई करू नये. परंतु ते उभे आहेत की बसलेले, त्यांची तोंडे कोणीकडे आहेत, शेपट्या कशा आहेत, हे त्याला अवश्य विचारावे.

रोज पाहिलेली वस्तू निरखलेली असतेच असे नाही. पाच वर्षांच्या मुलास मांजर काढावयास सांगितले तर ते एक वर्तुळ, दोन कान व मिशा काढते. कुत्रा काढावयास सांगितले तरी जवळजवळ तेच काढते. यात मुलाचा दोष नाही. जेथवर डोळा पोहोचलेला नाही तेथवर हात पोहोचणार कसा? म्हणून कागद अथवा माती हाती देण्यापूर्वी तीन-चार दिवस केवळ पाहण्यासाठी द्यावेत. येता-जाता लांबून पाहावे आणि दुसऱ्या दिवशी वर्गात सांगावे, एवढेच काम द्यावे. प्रश्न मात्र नेमके असावेत. मांजराचे तोंड चपटे असते की पुढे आलेले? कुत्र्याचे? भर उन्हात मांजराच्या डोळ्यातील काळा भाग कसा दिसतो आणि संध्याकाळी कसा दिसतो? (उन्हात ती उभी बारीक चीर असते, काळोखात ती वाटोळी होते. कुत्र्याच्या डोळ्यात असा बदल आकाराने होत नाही, ते बुबुळ वाटोळेच राहते.) चालताना नखांचा आवाज कोणाच्या होतो?

येथे भाषेविषयी एक गोष्ट नमूद करणे आवश्यक आहे. घरी कोकणी बोलणारे मूल कुत्र्यास 'सुणे' व मांजरास 'माजर' म्हणेल. ते चूक धरू नये. प्रथम मुलाचा शब्द स्वीकारावा, नंतर पुस्तकातील शब्द त्याच्या शेजारी ठेवावा. पहिल्या शब्दालाच अडविले गेलेले मूल पाहिलेले सांगत नाही, आणि या सर्व पाठाचा पाया सांगण्यावर आहे.

साहित्याविषयी

ज्या कामासाठी बाजारातून तयार संच आणावा लागतो, ते काम खेड्यातील बालवाडीत वर्षातून एकदाच होते. ताराबाई मोडक यांनी १९४५ मध्ये त्या वेळच्या ठाणे जिल्ह्यातील, आताच्या पालघर जिल्ह्यातील, बोर्डी येथे ग्रामीण बालशिक्षणाचे कार्य सुरू केले व पुढे ते कोसबाडच्या टेकडीवर नेले. माँटेसोरी पद्धतीची महागडी साधने खेड्यास परवडणारी नाहीत हे ओळखून त्यांनी व अनुताई वाघ यांनी पाने, बिया, शंख-शिंपले, खडे अशा गावातीलच वस्तूंतून साधने उभी केली. आपल्या भागात तर माड, पोफळी आणि तांबडी माती यांची वाणच नाही.

जुनी वर्तमानपत्रे, लग्नपत्रिका, वह्यांचे पुठ्ठे, खोकी, करवंट्या, काथ्या, पोफळीच्या गळून पडलेल्या झापाचा रुंद देठ (ज्याच्या ताटल्या करतात तो) आणि चिकणमाती एवढे साहित्य पुरेसे आहे. माती चतुर्थीच्या सुमारास गावातील चित्रशाळेतून उरलेली मिळू शकते. मूर्तिकार ती चाळून, मळून ठेवतात, त्यामुळे खड्यांचा त्रास होत नाही. प्लास्टर ऑफ पॅरिसची भुकटी मात्र मुलांच्या हाती मुळीच देऊ नये. ती पाण्यात घट्ट होताना तापते, आणि तिच्यात हात रुतून राहिला तर भाजण्याचा संभव असतो.

रंग विकत घेण्याची आवश्यकता नाही. अंगणातील तांबडी माती पाण्यात कालवावी, जाड रेती तळाशी बसली की वरचे गढूळ पाणी दुसऱ्या भांड्यात ओतावे व रात्रभर ठेवावे. सकाळी तळाशी जो मऊ गाळ राहतो, त्यात थोडी खळ मिसळली की गावठी कुत्र्याच्या अंगाचा रंग तयार होतो. याहून हुबेहूब रंग बाजारच्या डबीत सापडणार नाही. काळ्यासाठी कोळशाची पूड, पिवळ्यासाठी हळद, पांढऱ्यासाठी तांदळाचे पीठ घ्यावे. चुना वापरू नये, तो डोळ्यांना अपाय करतो.

खळ मैद्याची अथवा तांदळाच्या पिठाची घरीच शिजवावी. पुस्तकबांधणी करणारे लोक खळीत कीड लागू नये म्हणून मोरचूद घालतात. बालवाडीच्या खळीत तो घालू नये, कारण तो विषारी आहे आणि या वयाची मुले बोटे तोंडात घालणारच. दोन दिवसांपुरतीच खळ करावी, म्हणजे कीड लागण्याचा प्रश्न येत नाही.

सर्वांत महत्त्वाची सूचना डोळ्यांविषयी आहे. मांजराच्या डोळ्यांसाठी लाल-काळी गुंज फार शोभते, आणि ती कुंपणावर फुकट मिळते. म्हणून ती वापरण्याचा मोह होतो. गुंजेचे बी अत्यंत विषारी आहे. ते चावून गिळले गेल्यास मुलाच्या प्राणावर बेतू शकते. एरंडाचे बीही तसेच. डोळ्यांसाठी कोळशाचा ठिपका अथवा कागदाची टिकली पुरेशी आहे. चिंचोके वापरावयाचे असल्यास ते पाच वर्षांवरील मुलांनाच द्यावेत व कामाच्या अखेरीस मोजून परत घ्यावेत, कारण लहान मुले बिया नाकात घालतात. आणखी एक: मिशांसाठी माडाच्या पातीचा हीर वापरण्याची पद्धत आहे. हीर टोकदार असतो आणि मुखवटा दुसऱ्याच्या तोंडाशी जातो, तेव्हा मिशा काथ्याच्या मऊ धाग्याच्याच कराव्यात.

एकाच त्रिकोणातून दोन मुखडे

पहिले काम कागदाच्या घडीचे. वर्तमानपत्राचा वीतभर चौरस घ्यावा व तो कोपऱ्यावर कोपरा आणून दुमडावा. जो त्रिकोण होतो, त्याची लांब बाजू खाली व टोक वर ठेवावे. आता टोक थोडे खाली दुमडावे, नंतर खालचे दोन्ही कोपरे वर अशा रीतीने दुमडावेत की त्यांची टोके दोन्ही अंगांस वर डोकावतील. कागद उलटा केला की मांजराचा मुखडा झाला. डोळे, नाक व मिशा कोळशाने काढाव्यात.

दुसरा तसाच त्रिकोण घ्यावा, पण या वेळी लांब बाजू वर व टोक खाली ठेवावे. वरचे दोन्ही कोपरे खाली दुमडले की लोंबते कान होतात. खालचे टोक वर दुमडून त्यास काळा रंग दिला की नाक होते. हा कुत्रा. तीन वर्षांच्या मुलास पहिली घडी शिक्षिकेने घालून द्यावी. चार वर्षांचे मूल ती स्वतः घालते, कोपऱ्यावर कोपरा बरोबर आला नाही तरी हरकत नाही. वाकडा मुखडा हाही मुखडाच आहे. तो सरळ करून देण्याचा मोह शिक्षिकेने आवरावा.

येथेच काम थांबवू नये. कुत्र्याचा हा लोंबत्या कानांचा नमुना परदेशी पाळीव कुत्र्यांचा आहे. आपल्या वाड्यावरच्या गावठी कुत्र्याचे कान बहुधा उभे असतात, फार तर टोकाशी किंचित वळलेले. तेव्हा मुखडा तयार झाल्यावर मुलांना विचारावे: "तुमच्या दारातला कुत्रा असा आहे का?" ज्या मुलाने निरखले असेल ते 'नाही' म्हणेल आणि कान उलटे, वर दुमडू लागेल. मग नवा प्रश्न उभा राहतो, की आता कुत्रा आणि मांजर वेगळे कशावरून ओळखावयाचे? कान तर दोघांचेही उभे. शोध घेता घेता मुले तोंडाच्या लांबीपाशी येतात, आणि खालची घडी पुढे ओढून कुत्र्याचे तोंड लांब करू लागतात. या एका क्षणासाठी अर्धा तास खर्ची पडला तरी तो सार्थकी लागला असे समजावे. छापील चित्रात रंग भरल्याने हे घडत नाही.

मातीतील निजलेले मांजर आणि पावलांचे ठसे

मातीत प्राणी करावयास सांगितले की बहुतेक शिक्षिका चार पायांवर उभा कुत्रा करून दाखवितात. मुलांना तो जमत नाही. पाय बारीक होतात, धडाचे वजन पेलत नाहीत, आणि कुत्रा खाली बसतो. सुरुवात निजलेल्या मांजरापासून करावी. मातीची हातभर जाड वळी करावी, एक टोक जाड व दुसरे निमुळते ठेवावे, आणि वेटोळे घालून निमुळते टोक जाड टोकाशी आणून ठेवावे. जाड टोकास दोन चिमट्यांनी कान काढले की शेपटीत तोंड खुपसून निजलेले मांजर तयार होते. हे काम तीन वर्षांच्या मुलासही साधते.

कुत्रा बसलेला करावा. एक मोठा गोळा धडाचा व एक लहान डोक्याचा. दोन गोळे नुसते दाबून जोडले तर वाळताना सांध्याशी तडा जातो. दोन्ही भागांवर काडीने रेघा ओढाव्यात, मातीचे पातळ कालवण लावावे व मग जोडावे. तयार वस्तू उन्हात ठेवू नयेत. बाहेरचा थर आधी आकसतो आणि आत ओल राहते, म्हणून तडे पडतात. सावलीत, केळीच्या पानाखाली झाकून दोन-तीन दिवस वाळवाव्यात. जून ते सप्टेंबर या महिन्यांत माती वाळतच नाही. तेव्हा हे काम चतुर्थी उलटल्यानंतर ठेवणे सोयीचे.

पावसाळ्यासाठी मात्र एक उत्तम पाठ आपल्या अंगणातच आहे. ओल्या तांबड्या मातीत कुत्र्यामांजरांची पावले उमटलेली असतात. दोघांच्याही ठशात मागे एक मोठी गादी व पुढे चार बोटे दिसतात. फरक असा की कुत्र्याच्या ठशात बोटांपुढे नखांच्या खुणा असतात, मांजराच्या ठशात त्या नसतात. कारण मांजर चालताना नखे आत ओढून घेते. वर्गात मातीची पोळी थापावी. अंगठ्याने एक ठसा, बोटांच्या टोकांनी चार ठसे, म्हणजे मांजराचे पाऊल. त्यापुढे काडीने चार टोचे मारले की कुत्र्याचे. हे काम करताना मुलाच्या ध्यानी सहज येते की मांजराची नखे दिसत नसली तरी ती असतात.

करवंटीच्या मुखड्याविषयी थोडक्यात सांगावयाचे तर नारळाच्या देठाकडील अर्ध्या भागावर तीन डोळे असतात. करवंटी अशी धरावी की दोन डोळे वर व एक खाली येईल. निसर्गानेच मुखडा करून ठेवलेला असतो. शिक्षिकेने अथवा पालकांनी कड काचकागदाने घासून गुळगुळीत करावी. मुलांनी पुठ्ठ्याचे कान व काथ्याच्या मिशा चिकटवाव्यात. कान कोणाचे हे मुलाने ठरवावे.

हलती शेपटी

या सर्व कामांत प्रस्तुत लेखकास सर्वाधिक मोलाचे वाटते ते हे काम. पुठ्ठ्याचा कुत्रा व मांजर कापून घ्यावे, पण शेपटी वेगळी कापावी. शिक्षिकेने दाभणाने धडास व शेपटीस भोक पाडून द्यावे, त्यातून जाड दोरा ओवून दोन्ही बाजूंस घट्ट गाठ मारावी. शेपटी फिरली पाहिजे, पण ठेवाल तेथे राहिली पाहिजे. गाठ सैल झाल्यास ती लोंबते. जमल्यास कानही असेच दोऱ्याने जोडावेत.

आता खेळ. शिक्षिका सांगते व मुले शेपटी लावतात. "कुत्र्याला घरचे माणूस भेटले." शेपटी मध्यावर, सैल, खरा कुत्रा असेल तर तिच्याबरोबर सारे अंगही हलते. "कुत्र्याच्या ताटलीजवळ कोणी आले." शेपटी वर, ताठ, अंगही ताठ, हालचाल थांबलेली. "कुत्रा घाबरला." शेपटी पायांत, कान मागे. नंतर मांजर घ्यावे. "मांजर दूध मागायला आले." शेपटी सरळ उभी, टोक किंचित वाकलेले. "मांजराला आता पुरे झाले." शेपटी इकडून तिकडे झटकली जाते. "मांजराने परका कुत्रा पाहिला." पाठीची कमान, शेपटी फुगलेली, पुठ्ठ्याच्या शेपटीला काथ्या चिकटविला की हे रूप छान साधते.

मुलांच्या मनात येथे एक गोंधळ निर्माण होतो व तो व्हावाच. कुत्र्याची ताठ उभी शेपटी हा इशारा असतो, मांजराची उभी शेपटी हे स्वागत असते. कुत्र्याची डोलणारी शेपटी बहुधा ओळखीची खूण असते, मांजराची झटकली जाणारी शेपटी म्हणजे 'आता हात काढ' असे सांगणे असते. शेपटी हालविणारा कुत्रा आनंदात असतो, असे आपण मुलांना सरसकट सांगत आलो आहोत. हे अर्धेच खरे आहे. ताठ उभ्या शेपटीचे टोक भरभर हलत असेल आणि अंग ताठ असेल तर तो कुत्रा आनंदात नाही. त्याचप्रमाणे शेपटी पायांत घातलेला कुत्रा भित्रा म्हणून निरुपद्रवी समजला जातो. परंतु भ्यालेला आणि कोपऱ्यात सापडलेला कुत्राच पुष्कळदा चावतो. ही गोष्ट शब्दांनी सांगून लहान मुलाच्या ध्यानात राहत नाही. दहा वेळा शेपटी स्वतःच्या हाताने फिरविलेले मूल ती रस्त्यावर ओळखते.

कानांची पट्टी आणि झाडाचा खेळ

मुखवटे तीन-चार वर्षांच्या मुलांच्या डोळ्यांवर येतात व ती धडपडतात. त्याऐवजी कपाळावर बांधावयाची पुठ्ठ्याची अथवा पोफळीच्या देठाची पट्टी करून तीवर दोन कान चिकटवावेत. एका मुलाने कुत्र्याचे कान बांधावेत, इतरांनी अंगणात हिंडावे. शिक्षिकेने टाळी वाजविली की सर्वांनी झाड व्हावयाचे: जागच्या जागी उभे, हात अंगाशी, नजर स्वतःच्या पायांकडे, तोंडातून आवाज नाही. 'कुत्रा' येतो, हुंगतो, झाडात काही गंमत नाही असे पाहून निघून जातो. जो पळाला तो बाद. पुढच्या फेरीत 'कुत्र्याने पाडले' असे म्हणताच मुलांनी गुडघे पोटाशी घेऊन, हात कानांवर ठेवून जमिनीवर गोळा व्हावे. मुले हा खेळ हसत-खिदळत खेळतात. हसू द्यावे; पाठ त्यामुळे कमी होत नाही.

खेळाबरोबरच काही नियम सांगून ठेवावेत. खाणाऱ्या, निजलेल्या अथवा पिल्ले घेऊन बसलेल्या कुत्रीजवळ जाऊ नये. परक्या कुत्र्यास हात लावू नये. दगड मारू नये, शेपटी ओढू नये. मांजर अंग चोरू लागले की त्यास सोडून द्यावे.

आरोग्याची बाजू

आता आरंभी उल्लेखिलेल्या कारणाकडे वळू. जागतिक आरोग्य संघटनेच्या माहितीनुसार, रेबीजची शंका असलेल्या प्राण्यांनी चावलेल्या माणसांपैकी सुमारे ४० टक्के ही १५ वर्षांखालील मुले असतात. मुलांची उंची कमी असल्याने चावा हात-पायांऐवजी तोंडावर, मानेवर बसण्याचा संभव अधिक, आणि तेथून मेंदू जवळ. रेबीजचे विषाणू प्राण्याच्या लाळेत असतात, जखमेतून मज्जातंतूंच्या वाटेने ते मेंदूकडे सरकतात. या प्रवासास बहुधा दोन ते तीन महिने लागतात, कधी थोडे दिवस, कधी वर्षभर. लक्षणे एकदा दिसू लागली की रोगी जवळजवळ कधीच वाचत नाही. त्यापूर्वी मात्र हा रोग पूर्णपणे टाळता येतो. ६ जुलै १८८५ रोजी पॅरिस येथे लुई पाश्चर यांनी जोसेफ माइस्टर या नऊ वर्षांच्या, पिसाळलेल्या कुत्र्याने चावलेल्या मुलावर लसीचा उपचार सुरू केला व ते मूल वाचले, ही हकीकत वरच्या वर्गातील मुलांस सांगण्याजोगी आहे.

या बाबतीत गोव्यात झालेले कार्य देशभर वाखाणले गेले आहे. मिशन रेबीज या संस्थेने राज्य शासनाच्या सहकार्याने चालविलेल्या कार्यक्रमाचा २०१३ ते २०१९ या काळातील वृत्तान्त २०२२ मध्ये 'नेचर कम्युनिकेशन्स' या शास्त्रीय नियतकालिकात प्रसिद्ध झाला. त्यानुसार वर्षाला ९५,००० हून अधिक कुत्र्यांना लस टोचून ७० टक्के कुत्री संरक्षित करण्यात आली, दर वर्षी सुमारे १,५०,००० मुलांपर्यंत रेबीजविषयीचे शिक्षण पोहोचविण्यात आले, कुत्र्यांमधील रेबीजचे मासिक प्रमाण ९२ टक्क्यांनी घटले आणि त्या काळाच्या अखेरीस माणसांतील रेबीजचे निर्मूलन साधले. तथापि डिचोली व पेडणे हे दोन्ही तालुके राज्याच्या सीमेवर आहेत. पलीकडे दोडामार्ग व सावंतवाडी. कुत्र्यास सीमा ठाऊक नसते. त्यामुळे लसीकरण आणि मुलांचे शिक्षण ही दोन्ही कामे वर्षानुवर्षे चालू ठेवावी लागतात.

पालकांनी एक गोष्ट विशेष लक्षात घ्यावी. कुत्रा चावला अथवा मांजराने ओरखडले, तर पुष्कळ मुले ते घरी सांगत नाहीत. 'तू त्याच्या वाटेस गेलास कशाला' असा ओरडा बसेल, ही भीती असते. लहानसा ओरखडा दोन दिवसांत भरूनही येतो, आणि कोणास काही कळत नाही. रेबीजच्या बाबतीत ही गुपचुपी प्राणघातक ठरू शकते. म्हणून कुत्र्यामांजराच्या कामाच्या प्रत्येक तासात शिक्षिकेने निदान एकदा म्हणावे: "कोणाला ओरखडले असेल तर सांगा, मी रागावणार नाही." आणि मुलाने सांगितल्यावर खरोखरच रागावू नये.

चावा अथवा ओरखडा आढळल्यास जखम वाहत्या पाण्याखाली साबणाने पूर्ण १५ मिनिटे धुवावी. पंधरा मिनिटे म्हणजे घड्याळ लावून पंधरा मिनिटे. दोन तांबे ओतून भागत नाही. जखमेवर तिखट, हळद, चुना, कॉफीची पूड अथवा झाडपाला लावू नये, घट्ट पट्टी बांधू नये. लगेच जवळच्या आरोग्य केंद्रात जावे व डॉक्टर सांगतील त्या सर्व तारखांना लस घ्यावी. पहिल्या सुईनंतर बरे वाटते म्हणून पुढील सुया टाळणे धोक्याचे आहे. मांजर घरचे आहे, पिल्लू लहान आहे, या सबबी रेबीजच्या बाबतीत चालत नाहीत.

वर्षाच्या आखणीत

पाश्चर यांचा स्मृतिदिन २८ सप्टेंबर हा २००७ पासून जागतिक रेबीज दिन म्हणून पाळला जातो. या सुमारास चतुर्थीची धामधूम बहुधा संपलेली असते व माती हाताशी असते. भागशिक्षणाधिकारी व अंगणवाडीच्या पर्यवेक्षिका यांनी या आठवड्यात मुलांच्या कामांचे लहानसे प्रदर्शन भरविण्याची सूचना दिल्यास ते सहज शक्य आहे. प्रदर्शन पाहण्यास आलेल्या पालकांना पशुसंवर्धन खात्याच्या लसीकरणाची माहिती तेथेच देता येईल, आणि पंचायतीच्या सभासदांना कचऱ्याचे ढीग व बाजारातील मासळीची घाण उचलण्याची आठवण करून देता येईल. मोकाट कुत्र्यांचे कळप तेथेच पोसले जातात. प्रदर्शनात बक्षिसे ठेवू नयेत असे आमचे मत आहे. बक्षीस ठेवले की काम पालक करतात, आणि मुलाचे वाकडे मांजर घरीच राहते.

प्रदर्शन संपल्यावर कागदी मुखडे मुलांना घरी न्यावयास द्यावेत. हलत्या शेपटीचे पुठ्ठे शाळेत जपून ठेवावेत, ते पुढील वर्षी उपयोगी पडतात. मातीची कामे न भाजल्यामुळे फार दिवस टिकत नाहीत. मोडलेले तुकडे रंग खरवडून जुन्या मडक्यात पाण्यात भिजत घालावेत. दोन दिवसांनी वरचे पाणी काढून माती गोणपाटावर पसरावी, अर्धवट सुकली की पुन्हा मळावी आणि ओल्या गोणपाटात गुंडाळून सावलीत ठेवावी. आठवड्यातून एकदा गोणपाटावर पाणी शिंपडल्यास ती वर्षभर कामास येते.